दहा मीटर एअर रायफलसाठी छर्ऱ्यांची बॅच निवडण्याची पद्धत

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावरील दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असल्यामुळे त्याची कड त्या ठिपक्याला नुसती लागली, म्हणजेच छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत राहिला, की दहा गुण मिळतात. त्याच्या आत दर ०.२५ मिलिमीटरला एक दशांश गुण वाढत जातो आणि १०.९ साठी छर्रा खऱ्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडावा लागतो. ६० शॉटच्या पात्रता फेरीत कमाल ६५४ गुण मिळू शकतात. ६३० गुण म्हणजे दर शॉटला सरासरी १०.५. प्रत्येक शॉट मध्यापासून केवळ पाव मिलिमीटर अधिक दूर पडू लागला, तर त्या एका फेरीत सहा गुण जातात. वरच्या पातळीवर सहा गुणांत क्रमवारीचे अख्खे पान उलटते, म्हणून छर्ऱ्यांची निवड हा विषय गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ पालक मुलांना घेऊन रेंजवर चौकशीला येऊ लागले आहेत. यांपैकी अनेकांनी परदेशी व्हिडिओंत लांब पल्ल्याच्या रायफलींसाठी काडतुसे घरी भरण्याची पद्धत पाहिलेली असते आणि आपल्याकडे ते कसे करावे, असा त्यांचा प्रश्न असतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे काडतूस घरी भरण्याचा विषय इथेच संपतो. शिवाय कुसाळे ज्या प्रकारात खेळतात, त्यातील पॉइंट टू टू रिमफायर काडतूस हे कारखान्यात भरून आलेलेच वापरायचे असते. ते पुन्हा भरण्याच्या जातीचे नाही. तेथेही अव्वल नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जुळणारा लॉट साठवून ठेवतात. एअर रायफलमध्ये नेमके हेच काम छर्ऱ्यांच्या बाबतीत करायचे असते आणि ते सांगलीतील एखाद्या साध्या दहा मीटर रेंजवरही उत्तम करता येते.

मूळ तत्त्व एवढेच आहे की चांगला छर्रा अशी स्वतंत्र वस्तू नसते. अमुक रायफलीला जुळणारा छर्रा असतो. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली एकाच डबीतील छर्ऱ्यांनी वेगवेगळे ग्रुप (लागोपाठच्या शॉटच्या भोकांचा झुबका) देतात, कारण नळीच्या आतील व्यासात आणि तोंडाच्या कापणीत सूक्ष्म फरक राहतोच. सांगलीच्या हळद सौद्यात पोत्यावरचा छाप पाहून कोणी बोली लावत नाही, मालाचा नमुना हातात घेऊन, मोडून पाहतो. छर्ऱ्यांच्या डबीवरील नावाशीही तसेच वागावे.

हे काम कोणी करावे, याचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. नेमबाजाच्या हाताचा फरक आणि छर्ऱ्याचा फरक यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे लागते. समजा, नेमबाजाच्या धरण्यामुळे शॉट ६ मिलिमीटरमध्ये विखुरतात आणि छर्ऱ्यामुळे १ मिलिमीटरमध्ये, तर एकूण विखुरणे ६.०८ मिलिमीटर होते. छर्ऱ्याचा फरक अर्ध्यावर आणला, तरी ते ६.०२ वर येते, म्हणजे हाती काहीच लागत नाही. तोच नेमबाज पुढे २ मिलिमीटरमध्ये मारू लागला, की छर्ऱ्यातील तीच सुधारणा एकूण विखुरणे २.२४ वरून २.०६ वर आणते आणि हा फरक गुणपत्रिकेवर दिसतो. ज्यांची सरासरी अजून दहाच्या खाली आहे, त्यांनी एका नामांकित कंपनीचा मॅच दर्जाचा, म्हणजे स्पर्धेत वापरण्याजोगा, छर्रा घ्यावा आणि उरलेले पैसे जॅकेट, बूट आणि सरावाच्या तासांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने रायफल हातात घेऊन वर्षही झालेले नसताना पालकांनी दहा प्रकारच्या डब्या मागवणे योग्य नाही.

डबी विकत घेताना काय पाहावे

स्पर्धेचा छर्रा सपाट डोक्याचा असतो, त्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. त्याची कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ असतो. हा पोकळ स्कर्ट हवेच्या दाबाने किंचित फुलून नळीला चिकटतो, तर डोके नळीच्या आट्यांवरून सरकत छर्ऱ्याला दिशा देते. रायफलसाठीचे बहुतेक मॅच छर्रे ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतात, पिस्तुलासाठीचे काही प्रकार ०.४५ ग्रॅमपर्यंत हलके असतात. सुमारे ७.५ ज्यूल ऊर्जेच्या मॅच रायफलमध्ये ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने बाहेर पडतो.

डबीवर तीन गोष्टी शोधाव्यात: वजन, डोक्याचा व्यास आणि बॅच क्रमांक. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ अशा शतांश मिलिमीटरच्या पायऱ्यांत छापलेला असतो. हा आकडा निवडीची सुरुवात करून देतो, शेवट नव्हे. दोन बॅचवर एकच आकडा छापलेला असूनही त्या वेगळ्या वागू शकतात, कारण साचा झिजतो, बदलला जातो आणि शिशाचा कडकपणाही थोडा बदलतो. बॅच क्रमांक म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा आहे. दुकानदाराकडून किंवा ऑनलाइन डबी मागवताना क्रमांकाचा फोटो मागून घ्यावा आणि पसंत पडल्यास त्याच क्रमांकाच्या आणखी डब्या शिल्लक आहेत का, हे आधीच विचारून ठेवावे. चाचणीत अव्वल ठरलेली बॅच बाजारात संपलेली असेल, तर सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्या फेरीसाठी चार ते सहा बॅच पुरेत. त्यांत दोन तरी कंपन्या असाव्यात आणि ४.४९ व ४.५० हे दोन व्यास असावेत. यापेक्षा अधिक प्रकार घेतल्यास प्रत्येकाच्या वाट्याला कमी शॉट येतात आणि निष्कर्ष डळमळीत होतो.

डोळ्यांनी आणि काट्यावर तपासणी

छर्रे पांढऱ्या सुती कापडावर ओतावेत, डबी उपडी करून आपटू नये. शिसे इतके मऊ असते की नखानेही स्कर्टची कड वाकते. प्रत्येक छर्रा चिमट्याने नव्हे तर बोटांच्या पेरांनी अलगद उचलून टेबललॅम्पखाली भिंगातून पाहावा: आधी डोक्याची कड, मग उलटा करून स्कर्टचे तोंड. स्कर्टचे तोंड पूर्ण वर्तुळ दिसायला हवे. एका बाजूला चपटेपणा, शिशाची लोंबणारी कोर किंवा आत अडकलेला कण दिसला, तर तो छर्रा सरावाच्या डबीत टाकावा. चांगल्या मॅच डबीतून असे छर्रे थोडेच निघतात. एखाद्या डबीत ते वारंवार निघत असतील, तर ती डबी वाहतुकीत आपटली आहे असे समजून चाचणीतून बाजूला ठेवावी.

आणखी एक जुनी, बिनखर्चाची पद्धत उपयोगी पडते. एक स्वच्छ काच किंचित उतरती ठेवावी आणि छर्रे एकाच जागेवरून एकेक करून आडवे घरंगळत सोडावेत. स्कर्ट डोक्यापेक्षा थोडा मोठा असल्यामुळे छर्रा सरळ न जाता कमानीत वळतो. सारख्या मापाचे छर्रे जवळपास एकाच ठिकाणी जाऊन थांबतात. ज्याचे डोके किंवा स्कर्ट वेगळे आहे तो लवकर वळतो किंवा पुढे निघून जातो. काचेखाली कागद ठेवून नेहमीची कमान पेन्सिलीने आखून घेतली, की वेगळा छर्रा लगेच ओळखू येतो.

वजन करण्याविषयी नेमबाजांत जितका उत्साह आढळतो, तितका त्याचा लाभ नसतो, हे मात्र आकड्यांनिशी सांगायला हवे. दहा मीटर अंतर कापायला छर्ऱ्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ १८ मिलिमीटर खाली येतो. ऊर्जा तीच राहिली आणि वजन एक टक्क्याने, म्हणजे ०.५३ ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅमने वाढले, तर हा उतारही सुमारे एक टक्क्याने, म्हणजे ०.१८ मिलिमीटरने वाढतो. दशांश गुणाची एक पायरी ०.२५ मिलिमीटरची आहे, हे लक्षात घेता ५ मिलिग्रॅमच्या आतील फरक वेगळा काढत बसण्यात अर्थ नाही. वजन करायचेच असेल, तर एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटा हवा. विट्याकडच्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातील कुटुंबांना अशा काट्यांची सवय आहेच. इतरांनी ओळखीच्या सराफाकडे जाऊन एका डबीतील पन्नास छर्रे तोलून पाहिले, तरी त्या बॅचची एकसारखेपणाची पातळी कळते. ०.०१ ग्रॅमचा स्वयंपाकघरातील किंवा खिशातला काटा इथे निरुपयोगी आहे, कारण त्याची सर्वांत लहान पायरीच छर्ऱ्याच्या वजनाच्या जवळपास दोन टक्के भरते.

छर्रे शिशाचे असल्यामुळे हे सारे काम जेवणाच्या टेबलावर किंवा ओट्यावर करू नये. काम चालू असताना काही खाऊ-पिऊ नये, छर्रा कधीही ओठांत धरू नये आणि नंतर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. कापड वेगळे ठेवावे, घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नये. लहान मुले असलेल्या घरात डब्या कुलपात असाव्यात.

शिकंज्यातून चाचणी

खरी परीक्षा रायफल शिकंज्यात घट्ट बसवूनच होते. त्यासाठी जड लोखंडी टेबल जमिनीला बोल्ट करून त्यावर हा शिकंजा, म्हणजे व्हाइस, बसवावा. रायफलचा दस्ता काढून ॲक्शनचा, म्हणजे नळी आणि ट्रिगर ज्याला जोडलेले असतात तो, भाग जाड चामडे किंवा रबर लावलेल्या जबड्यांत धरावा. नळी पकडू नये, कारण दाबामुळे ती ताणली जाते आणि निकाल बदलतो. ॲक्शनच्या तळाच्या मापाचा ठोकळा करून घेतला तर उत्तम. कुपवाड एमआयडीसीतील कोणताही चांगला लेथ किंवा मिलिंग करणारा कारागीर रायफलचे माप घेऊन तो करून देऊ शकतो. ट्रिगर दाबताना टेबल हलता कामा नये, म्हणून ट्रिगर बोटाने एकसारखा मागे घ्यावा आणि कोणीही टेबलाला टेकून उभे राहू नये.

शिकंजा उपलब्ध नसेल, तर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारता येते. मात्र त्यात नेमबाजाच्या डोळ्याचा आणि खांद्याचा फरक मिसळतो, त्यामुळे या पद्धतीने फक्त स्पष्टपणे वाईट असलेली बॅच वेगळी काढावी. दोन चांगल्या बॅचमधील निवड तिच्यावर सोपवू नये.

चाचणीच्या दिवशी नळी फेल्टच्या गोळ्यांनी स्वच्छ करून त्यानंतर वीस-एक शॉट असेच मारावेत, म्हणजे नळी स्थिर होते. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेच्या मधल्या पट्ट्यात ठेवावा. रायफल काही वेळ तशीच राहिली, तर रेग्युलेटरमधील (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागातील) दाब थोडा सरकतो आणि पहिला शॉट वेगळ्या वेगाने जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक विश्रांतीनंतरचे पहिले दोन-तीन शॉट मोजू नयेत. पंखे बंद ठेवावेत.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग येतो आणि इथेच सर्वाधिक घाई होते. पाच शॉटचा एक सुंदर ग्रुप पाहून बॅच पसंत करणे ही फसवणूक आहे, कारण त्याच बॅचचा पुढचा ग्रुप दीडपट मोठा येणे हे अगदी स्वाभाविक असते. प्रत्येक बॅचचे दहा शॉटचे किमान चार ग्रुप घ्यावेत आणि तेही ओळीने नव्हे. आधी पहिल्या बॅचचा एक, मग दुसऱ्या बॅचचा एक, मग तिसऱ्याचा, असे शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. सिलिंडरचा दाब उतरत जातो, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ऊन चढते, शिकंजाही किंचित सैल पडतो; फेऱ्या आलटून-पालटून घेतल्या तर हे बदल सर्व बॅचच्या वाट्याला सारखे येतात. बॅच बदलल्यावर आधीच्या छर्ऱ्याचा नळीतील अंश निघून जाण्यासाठी नव्या बॅचचे पाच ते दहा शॉट वेगळ्या कागदावर मारून मगच ग्रुप घ्यावा.

शक्य असल्यास एका सहकाऱ्याने डब्यांवर अ, ब, क अशी चिठ्ठी लावावी आणि कोणती चिठ्ठी कोणत्या कंपनीची, हे मोजणाऱ्याला सांगू नये. महागड्या डबीच्या ग्रुपला मोजताना व्हर्नियर नकळत आत सरकतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मोजमाप आणि निवड

कागदावरचा ग्रुप मोजताना भोकांच्या सर्वांत लांबच्या दोन बाहेरील कडांमधील अंतर व्हर्नियरने घ्यावे आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करावेत. उरते ते मध्य ते मध्य अंतर. चांगल्या रायफलीतून जुळणारी बॅच शिकंज्यात मारली, तर दहा शॉटनंतरही भोक एका छर्ऱ्याच्या भोकापेक्षा थोडेसेच मोठे दिसते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळत असेल, तर प्रत्येक शॉटचे स्थान वेगळे नोंदता येते आणि ग्रुपच्या मध्यापासून सर्व शॉटचे सरासरी अंतर काढता येते. हे सरासरी अंतर बाहेरच्या दोन टोकांपेक्षा अधिक विश्वासार्ह असते, कारण त्यात दहाही शॉट बोलतात.

क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र) जवळ असल्यास वेगही नोंदवावा. सेकंदाला २ मीटरचा फरक म्हणजे सुमारे १.२ टक्के, त्याने उतारात सुमारे ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड दशांश गुणाहून अधिक. ग्रुप उभा लांबट येत असेल आणि वेगही असा वरखाली होत असेल, तर दोष बहुधा छर्ऱ्यात नसून रेग्युलेटर किंवा झडपेत असतो. अशा वेळी चाचणी थांबवून रायफल आधी दुरुस्तीला द्यावी. सर्व बॅच सारख्याच वाईट येत असतील, तर नळीच्या तोंडाची कड आणि स्क्रूंचा कस तपासावा.

वहीत प्रत्येक ग्रुपसमोर तारीख, तापमान, सिलिंडरचा दाब, बॅच क्रमांक आणि माप लिहावे आणि मूळ कागद त्याच पानाला चिकटवावा. निवड करताना सर्वांत लहान ग्रुपकडे न पाहता चारही ग्रुपच्या सरासरीकडे आणि त्यांतील सर्वांत मोठ्या ग्रुपकडे पाहावे. स्पर्धेत आपल्याला वाईट शॉट टाळायचा असतो. दोन बॅचच्या सरासरीत ०.१ मिलिमीटरहून कमी अंतर असेल, तर त्या समान मानाव्यात आणि जी अधिक संख्येने मिळेल ती घ्यावी. वरच्या दोन बॅचची चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतल्याशिवाय मोठी खरेदी करू नये.

किती घ्यावे, याचा हिशेब सोपा आहे. सराव शॉट धरून एका स्पर्धेला साधारण ९० छर्रे लागतात, म्हणजे ५०० छर्ऱ्यांची डबी पाच स्पर्धांना पुरते. जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या नेमबाजाला निवडलेल्या बॅचच्या सात-आठ डब्या हंगामभर पुरेशा आहेत, त्यांत स्पर्धेआधीच्या शेवटच्या पंधरवड्याचा सरावही बसतो. रोजच्या सरावाला त्याच वजनाचा स्वस्त छर्रा चालतो.

साठवण

कृष्णाकाठच्या पावसाळ्यात शिसे लवकर काळवंडते आणि ओल टिकून राहिली, तर त्यावर पांढरी भुकटी धरते. अशी भुकटी धरलेला छर्रा वापरू नये आणि पुसतही बसू नये, कारण ती भुकटी विषारी असते. डब्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवाव्यात. पूररेषेच्या आसपास राहणाऱ्यांनी तर वरच्या मजल्यावरच. लाकडी कपाट टाळावे, कारण काही लाकडांतून निघणारी आम्लयुक्त वाफ शिशाला खाते. पावसाळ्यात हातपंपाने सिलिंडर भरल्यास हवेतील ओलही आत जाते, म्हणून वाळवलेली हवा देणारा कॉम्प्रेसर किंवा मोठा टँक वापरावा. उच्च दाबाच्या जोडणीला खनिज तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते.

सांगलीहून कोल्हापूरला किंवा पुण्याला बालेवाडीला जाताना डबी गाडीच्या डिकीत न टाकता बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवावी आणि झाकणाखालची मोकळी जागा फोमच्या चकतीने भरावी, म्हणजे छर्रे एकमेकांवर आपटत नाहीत.

नळी बदलली, रेग्युलेटर उघडला किंवा वेग नव्याने लावला, की जुनी निवड रद्द समजून चाचणी पुन्हा घ्यावी. एरवी त्याच बॅचची नवी डबी उघडल्यावर दहा शॉटचा एक ग्रुप मारून वहीतील जुन्या ग्रुपशी ताडून पाहावा. जुळला तर डबीवर तारीख घालून ती स्पर्धेच्या कप्प्यात ठेवावी, जुळला नाही तर सरावाला द्यावी.